सर्चमध्ये ‘० निकाल’ म्हणजे लग्न झालंच नव्हतं का? अमेरिकेच्या काउंटी-नोंदी आणि हस्ताक्षर वाचणारं एआय

२०२४ च्या सुरुवातीला फॅमिलीसर्च या मोफत वेबसाइटने एक नवी सोय प्रयोग म्हणून सुरू केली. हाताने लिहिलेल्या जुन्या कागदांचे स्कॅन एआयने वाचायचे आणि त्यातला कुठलाही शब्द आपण सर्च करायचा. सुरुवात अमेरिकेतले जमिनीचे आणि वारसाचे दस्त आणि मेक्सिकोतल्या नोटरींच्या नोंदी यांच्यापासून झाली. पुढे त्यात इतर देशांची, इतर प्रकारची दप्तरं येत गेली. त्याआधी १ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेची १९५० ची जनगणना लोकांसाठी खुली झाली, तेव्हाही नावांची पहिली यादी मशीननेच हस्ताक्षर वाचून तयार केली होती.

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे. ज्या कामाला आधी महिने लागायचे ते आता बसमध्ये उभ्या उभ्या फोनवर होतं. पण मी रोज ज्या सिस्टिमवर काम करतो, ती स्कॅन केलेले फॉर्म वाचून त्यातली माहिती डेटाबेसमध्ये भरते. त्यामुळे अशी बातमी वाचली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: जे नाव मशीनला नीट वाचता आलं नाही, त्या माणसाचं काय होतं?

हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या काउंटीच्या लग्ननोंदी हे उत्तम उदाहरण आहे. त्यात जुना कागद आहे, नवं तंत्रज्ञान आहे, आणि आपल्या देशातून तिकडे गेलेल्या माणसांची एक गोष्टही आहे.

लग्नाचं दप्तर काउंटीकडे का?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग. अमेरिकेत अशा ३,१०० हून जास्त काउंट्या आहेत. लग्नाची देशभराची एकच नोंदवही तिथे कधीच नव्हती आणि आजही नाही. बहुतेक राज्यांत काउंटीच्या क्लार्ककडून लग्नाचं लायसन्स घ्यायचं, लग्न लावायचं, आणि लग्न लावणाऱ्याने सही करून कागद परत पाठवला की क्लार्क तो वहीत नोंदवणार. ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात हे काम काउंटीऐवजी गावाचं कार्यालय करतं.

हे आजही तसंच चालतं. पुण्याची एखादी जोडी सॅन होजेला नोकरी करते आणि तिथेच लग्न करते, तर तिची नोंद सांता क्लारा काउंटीत होते. कॅलिफोर्नियात लायसन्स घेतल्यापासून ९० दिवसांत लग्न लावावं लागतं.

यातून एक बारीक मुद्दा निघतो. लायसन्स म्हणजे लग्नाची परवानगी. लग्न झाल्याचा पुरावा म्हणजे परत आलेला, सही केलेला कागद. जुन्या वहीत लायसन्सची तारीख असेल आणि खालची परतीची जागा कोरी असेल, तर लग्न झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. इंडेक्समध्ये मात्र कधी कधी दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात.

या वह्यांना इतकं महत्त्व का? कारण १८९० ची जनगणना. १९२१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये आग लागली, आणि त्या जनगणनेचे जवळपास सगळेच कागद त्या आगीमुळे आणि नंतरच्या हेळसांडीमुळे गेले. म्हणजे १८८० आणि १९०० या दोन जनगणनांच्या मध्ये २० वर्षांची पोकळी आहे. १८८० मध्ये आईबापाच्या घरात लहान असलेली मुलगी १९०० मध्ये दुसऱ्याच आडनावाने, दुसऱ्याच राज्यात दिसते. ती हीच मुलगी, हे जोडून देणारा दुवा बहुतेक वेळा काउंटीतली लग्नाची नोंदच असते. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या बाईचा माग तिच्याशिवाय लागणं फार कठीण.

वहीपासून फोनपर्यंत

हे सगळं ऑनलाइन आलं ते एका दिवसात नाही. फॅमिलीसर्च ही अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची संस्था. तिची सुरुवात १८९४ मध्ये वंशावळींसाठी स्थापन झालेल्या एका सोसायटीपासून झाली. आपल्या पूर्वजांसाठी धार्मिक विधी करायचे म्हणून त्यांची नावं शोधायची, ही त्यामागची श्रद्धा. १९३८ पासून त्यांनी जगभरच्या नोंदवह्यांचे मायक्रोफिल्मवर फोटो काढायला सुरुवात केली. काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये कॅमेरा लावून पान न् पान. त्या फिल्म युटामध्ये डोंगराच्या पोटात खोदलेल्या तिजोरीत ठेवल्या. सुमारे २४ लाख रिळं स्कॅन करून झाल्याचं संस्थेने २०२१ मध्ये जाहीर केलं.

पण फोटो असणं वेगळं आणि तो सर्चमध्ये सापडणं वेगळं. मधली पायरी इंडेक्सची. पूर्वी हे काम हजारो स्वयंसेवक करायचे. घरी बसून एकेक पान बघायचं आणि नवरा, नवरी, तारीख, ठिकाण टाइप करायचं. एकच पान दोघांनी वेगवेगळं टाइप केलं आणि फरक पडला, तर तिसरा बघायचा. आता पहिलं वाचन बऱ्याच ठिकाणी मशीन करतं आणि माणूस ते तपासतो. काही ठिकाणी तपासायलाही कुणी नसतं.

मशीन ‘वाचतं’ म्हणजे काय करतं?

ढोबळ मानाने तीन कामं. पहिलं, पानावर ओळी आणि रकाने कुठे आहेत ते ओळखायचं. दुसरं, शाईच्या रेघांवरून अक्षरांचा अंदाज बांधायचा. तिसरं, यातलं नवऱ्याचं नाव कुठलं, साक्षीदाराचं कुठलं, हे ठरवायचं. तिन्ही ठिकाणी मशीन अंदाजच करतं, आणि प्रत्येक अंदाजाला आतमध्ये खात्रीचा एक आकडा चिकटलेला असतो. एका नावाबद्दल ९८ टक्के खात्री, दुसऱ्याबद्दल ४१ टक्के. आमच्या कामात ठरावीक मर्यादेखालचा आकडा आला की ती ओळ माणसाकडे जाते. वाचकासमोरच्या सर्चच्या पानावर मात्र हा आकडा सहसा दिसत नाही. दोन्ही नावं सारख्याच ठसठशीत फॉन्टमध्ये येतात.

आणखी एक गोम आहे. मॉडेल ज्या नावांवर शिकलं, ती नावं त्याला चटकन ओळखू येतात. अर्धवट पुसलेलं ‘जॉन्सन’ ते बरोबर ओळखेल, कारण त्याने लाखो जॉन्सन पाहिलेत. न पाहिलेल्या आडनावाच्या जागी ते जवळचं ओळखीचं नाव बसवून मोकळं होतं.

नावाच्या स्पेलिंगचा घोळ जुनाच आहे. त्यावर १९१८ मध्ये अमेरिकेत साउंडेक्स नावाच्या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि ‘एच’सारखी अक्षरं गाळायची, आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. शेवटी एक अक्षर आणि तीन अंक उरतात. ‘सिंग’ हे आडनाव इंग्रजीत शेवटी ‘जीएच’ लावून लिहा किंवा नुसतं ‘जी’ लावून लिहा, दोन्हींचा कोड एस-५२० येतो. म्हणजे एक शोधलं की दुसरंही सापडतं. पण क्लार्कने ‘जी’ गाळून नुसतं ‘एनएच’ लिहिलं, तर कोड एस-५०० होतो आणि माणूस दुसऱ्याच ढिगात जातो. पहिलंच अक्षर चुकलं, समजा ‘के’च्या जागी ‘सी’ पडलं, तर साउंडेक्स काहीच करू शकत नाही.

इम्पिरियल काउंटीतले ‘हिंदू’

हे नुसतं तांत्रिक कोडं नाही, हे कळायला कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला जाऊ. मेक्सिकोच्या सीमेला लागून इम्पिरियल काउंटी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबमधून आलेले शेतकरी इथे कापूस पिकवायला लागले. त्यात बहुतेक शीख होते, काही मुसलमान, थोडे हिंदू. अमेरिकेच्या कागदांवर मात्र सगळेच ‘हिंदू’.

१९१७ च्या कायद्याने भारतातून येण्याचा रस्ता जवळजवळ बंद झाला, त्यामुळे गावाकडून बायको आणणं अशक्य झालं. कॅलिफोर्नियात गोऱ्या माणसाने इतर वंशाच्या लोकांशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. हा कायदा १९४८ मध्ये कोर्टाने रद्द करेपर्यंत टिकला. मग या पंजाबी शेतकऱ्यांनी शेतात काम करणाऱ्या मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. लायसन्सवर वंशाचा रकाना होता. त्यात काय लिहायचं हे खिडकीमागच्या क्लार्कच्या मनावर. दोघांचा रंग त्याला सारखा वाटला की तो दोघांपुढे ‘ब्राउन’ लिहून लायसन्स देऊन टाकायचा. नाही वाटला तर जोडी दुसऱ्या काउंटीत नाहीतर शेजारच्या राज्यात जायची.

कॅरन लेनर्ड या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिकेने काउंट्यांच्या अशा नोंदी चाळून आणि त्या कुटुंबांना भेटून या समाजावर पुस्तक लिहिलं. ते १९९२ मध्ये आलं. १९१३ ते १९४९ या काळात कॅलिफोर्नियातल्या भारतीयांच्या ३७८ जोडीदारांची मोजणी त्यांच्या अभ्यासात आहे, आणि त्यात साधारण पाचांत चार स्त्रिया हिस्पॅनिक होत्या. या घरांतल्या मुलांची पहिली नावं स्पॅनिश आणि आडनावं सिंग, खान अशी.

आता कल्पना करा, अशा घरातली पणती आज पणजोबांचं लग्न शोधतेय. नाव पंजाबी उच्चाराचं, ऐकणारा इंग्रजी बोलणारा, नवरी स्पॅनिश बोलणारी. क्लार्कने कानाला लागलं ते लिहिलं. शंभर वर्षांनी त्याच्या त्या गिचमिड अक्षराचा मशीनने अंदाज लावला. दोनदा गाळलेलं हे नाव. त्यात जोडीने लग्न शेजारच्या राज्यात जाऊन केलं असेल, तर इम्पिरियल काउंटीची वही पानन् पान चाळूनही हाती काही लागणार नाही. सर्चमध्ये येणार ‘० निकाल’. पणजोबा-पणजीचं लग्न कायद्याने झालं होतं की नाही, याबद्दल घरात शंका सुरू व्हायला तेवढं पुरतं.

न सापडण्याची कारणं

‘० निकाल’ या दोन शब्दांमागे निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, नोंद आहे, फोटो आहे, पण नाव चुकीचं वाचलं गेलंय.

दोन, फोटो आहे, पण त्या वहीचा इंडेक्सच झालेला नाही. अशी पानं वहीसारखी एकेक करून बघावी लागतात.

तीन, वहीच गेली. १८७१ च्या शिकागोच्या आगीत कुक काउंटीची दप्तरं जळाली. १८८४ मध्ये सिनसिनाटीच्या दंगलीत कोर्टहाउस पेटवलं गेलं.

चार, नोंद आहे, पण कायद्यानेच झाकलेली आहे. कॅलिफोर्नियात ‘गोपनीय विवाह’ हा प्रकार आजही आहे. त्याची नोंद काउंटीकडे असते, पण नवरा-बायको सोडून इतरांना ती कोर्टाच्या आदेशाशिवाय बघता येत नाही.

पाच, नोंद करायची मुभाच नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम माणसांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. यादवी युद्ध संपल्यावर, १८६६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने कायदा केला की आधीपासून एकत्र राहणाऱ्या मुक्त झालेल्या जोडप्यांनी काउंटीच्या अधिकाऱ्यापुढे येऊन तसं सांगावं, म्हणजे ते लग्न मानलं जाईल. त्या नोंदींत कित्येकांनी ‘आम्ही इतक्या वर्षांपासून एकत्र आहोत’ असं सांगितलेलं आहे. अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी आजी-आजोबांची नावं सरकारी कागदावर शेजारी शेजारी येण्याची ही पहिली वेळ. सगळ्या काउंट्यांच्या या वह्या टिकलेल्या नाहीत.

पाचही कारणं वेगळी, पण स्क्रीनवर पाचांचं उत्तर एकच. इंजिनिअर म्हणून मला हा डिझाइनचा दोष वाटतो. ‘सापडलं नाही’, ‘वाचलेलं नाही’ आणि ‘दाखवायला परवानगी नाही’ ही तीन वेगळी उत्तरं आहेत. ती वेगळी दाखवणं अवघड नाही.

किल्ली कोणाकडे?

लग्नाची नोंद सरकारने लोकांच्या पैशातून केली. मग ती शोधण्यासाठी पैसे का द्यायचे? फॅमिलीसर्च मोफत आहे, पण अँसेस्ट्री ही या क्षेत्रातली मोठी कंपनी वर्गणी घेते. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने २०२० मध्ये ती ४.७ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा करार केला. कागद जुने असले तरी धंदा जुना नाही, हे त्या आकड्यावरून कळतं. वह्या स्कॅन करायला आणि सर्व्हर चालवायला खर्च येतो, हे मान्य. पण खर्च वसूल करणं आणि लोकांच्या दप्तराला कायमचं कुलूप लावणं यात फरक आहे.

याच मुद्द्यावर रिक्लेम द रेकॉर्ड्स ही छोटी ना-नफा संस्था लढते. तिचं हत्यार म्हणजे आपल्या माहिती अधिकारासारखे तिथले कायदे. न्यूयॉर्क शहराच्या १९०८ ते १९२९ या काळातल्या लग्न-लायसन्सचा इंडेक्स तिने कोर्टात जाऊन मिळवला आणि २०१६ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सगळ्यांसाठी फुकट टाकला. पुढे २०२२ मध्ये शहराच्या अभिलेखागारानेही जन्म, मृत्यू आणि लग्नाच्या लाखो जुन्या नोंदी मोफत ऑनलाइन आणल्या.

मग सगळंच खुलं करावं का? इथे दुसरी बाजू येते. बँका वर्षानुवर्षं ग्राहकाला ओळखण्यासाठी एक प्रश्न विचारत आल्यात: आईचं माहेरचं आडनाव काय? २००५ मध्ये दोन संशोधकांनी टेक्सासच्या सार्वजनिक जन्म आणि लग्ननोंदी एकमेकींना जोडून हे उत्तर काढता येतं का ते पाहिलं. हे आडनाव ओळखायला सरासरी १३ बिटची अनिश्चितता असते, म्हणजे साधारण ८,००० पर्यायांतून एक निवडण्याइतकी. पाव हिश्शापेक्षा जास्त लोकांच्या बाबतीत ती ६.९ बिटच्या खाली आली, म्हणजे १२० च्या आत पर्याय. आणि पुष्कळ लोकांच्या बाबतीत उत्तर थेट हातात आलं.

एकेक नोंद वहीत असताना निरुपद्रवी होती. सगळ्या नोंदी जोडता आल्या की धोका तयार झाला. त्यामुळे जुन्या नोंदी खुल्या आणि हयात माणसांच्या नोंदींना काही वर्षांची मुदत, हा मार्ग मला पटतो. जनगणनेचे कागद अमेरिका ७२ वर्षांनीच उघडते. आणि गुपित म्हणून आईचं आडनाव वापरणं तर बंदच व्हायला हवं.

आपला यात काय संबंध?

महाराष्ट्रात तुमच्या आजी-आजोबांच्या लग्नाची सरकारी नोंद बहुधा मिळणार नाही. लग्ननोंदणीचा कायदा १९५३ पासून असला, तरी कित्येकांच्या घरात पुरावा म्हणजे जपून ठेवलेली लग्नपत्रिका. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं ते २००६ मध्ये. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदी आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांचे वारस पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आज याच नोंदी शोधतात. तिथे नावातल्या एका अक्षराच्या फरकाने फाइल अडून बसते.

आपली जुनी दप्तरंही हळूहळू त्याच वाटेने निघालीत. फॅमिलीसर्चवर हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांचे स्कॅन आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडेही पिढ्यांपिढ्यांच्या नामावळ्या आहेत. आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कामाला लागली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. मुद्दा एवढाच की आपल्याकडेही जुन्या कागदातल्या एका ओळीवर आजच्या माणसाचं काहीतरी ठरतंय. उद्या मोडी वाचणारं एआय येईल, यायलाच हवं. तेव्हा ‘मशीनला सापडलं नाही’ हे कुणाचा अर्ज फेटाळण्याचं कारण होऊ नये, ही काळजी आत्ताच घ्यायला हवी.

शोधायला बसाल तेव्हा

- निकालातलं नाव वाचून थांबू नका. स्कॅन उघडा. इंडेक्स म्हणजे कुणीतरी केलेलं वाचन, नोंद म्हणजे तो कागद.
- आडनाव तीन-चार स्पेलिंगने टाका. मग आडनाव सोडून फक्त जोडीदाराचं पहिलं नाव, काउंटी आणि वर्ष टाकून बघा.
- शेजारच्या काउंट्या आणि सीमेपलीकडचं राज्य बघा. लोक लग्नासाठी प्रवास करायचे, कधी हौसेने, कधी नाइलाजाने.
- त्या काउंटीची त्या वर्षांची वही इंडेक्स झाली आहे का, हे संग्रहाच्या माहितीत तपासा. नसेल तर पानं चाळा.
- लायसन्सखालचा परतीचा भाग भरलेला आहे का ते बघा.
- मशीनने नाव चुकीचं वाचलेलं दिसलं आणि दुरुस्तीचं बटण असेल, तर दुरुस्त करा. त्याला एक मिनिट लागतं. तुमच्यानंतर तेच नाव शोधणाऱ्याला ते पहिल्याच झटक्यात सापडेल.